झाडलेला उंबरा

सफाईच्या मुकादमाकडे अशी तक्रार आजवर कुणी केली नसेल. सारजाबाई त्याच्यासमोर उभी राहून म्हणाली, "माझ्या दुकानाची पायरी कुणीतरी रोज झाडून ठिवतंय."

"मग चांगलंच हाय की, मावशी."

"काय चांगलं? मी सांगितलं न्हाई, कुणाला म्हणलं न्हाई, आन् फुकट कोण झाडंल? कोण झाडतंय ते शोधून काढ. आन् केर कुठं नेतंय, ते बी."

दिवाळी तोंडावर आली होती. शिरूरच्या आमच्या पेठेत गटाराच्या, कुत्र्यांच्या, बंद दिव्यांच्या तक्रारी सगळेच करतात. स्वच्छतेची तक्रार करणारी एकटी सारजाबाई. मुकादमानं चहा पाजून तिला वाटेला लावलं आणि ती तडक माझ्याकडे आली. माझं फॉल-पिकोचं दुकान तिच्या दुकानासमोरच आहे. मशीनवरून मान वर केली की तिचा गल्ला दिसतो, म्हणून तिनं मला परस्पर पहारेकरी नेमलं होतं. पगार काही नाही, आणि संशय माझ्यावरसुद्धा.

"नीलम, तू तर न्हाईस ना झाडत?"

"मावशी, मला माझंच दुकान झाडाया येळ न्हाई. दिवाळीची ब्लाउजं पडल्यात ढिगानं."

"तेच म्हणलं मी," ती म्हणाली, पण जाताना माझ्या केरसुणीकडे मान वळवून गेली.

सारजाबाईचं दुकान पूजेच्या सामानाचं, आणि गाळ्याच्या मागच्या खोलीतच तिचं घर. कापूर, वाती, कुंकू, बुक्का, नाडे. दिवाळी आली की पणत्या आणि केरसुण्या. नवरा गेला तेव्हा सत्यजीत शाळेतही जात नव्हता. या एवढ्याशा गाळ्यावर तिनं त्याला वाढवला, शिकवला, सणसवाडीच्या कंपनीत चिकटवला. एकट्या बाईनं बाजारात बसायचं तर चार डोळे हवेत, असं ती म्हणायची. दुधात पाणी असतं हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. सारजाबाईला त्या पाण्यातही काहीतरी मिसळलंय असं वाटायचं. सुतळीचं बंडल आलं की ती ते उलगडून पुन्हा गुंडाळायची. गल्ल्याची किल्ली कमरेला, आणि ती सख्ख्या लेकाच्या हातातही कधी दिली नाही. एक मात्र खरं, तिच्या संशयाला जातपात नव्हती, सगळ्यांवर सारखाच होता.

आता तिच्या या कथेतली खरी गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. सारजाबाईला दिसेनासं झालं होतं.

श्रावणात एका बाईला तिनं कुंकवाच्या जागी बुक्का दिला. बाई परत आली तर सारजाबाईनं तिलाच झाडलं, "माझ्या हितनं कुंकूच गेलंय, वाटंत तू काय केलंस ते तुला ठावं." तेव्हापासून मी बारकाईनं बघू लागले. ती सामान डोळ्यांनी काढत नव्हती, हातांनी काढत होती. प्रत्येक डब्याची जागा तिच्या बोटांना पाठ होती. पुढं माणूस आलं की बोलेपर्यंत ती गप्प राहायची आणि आवाज ऐकला की नाव घ्यायची. मोतीबिंदू असणार, दुसरं काय? पण तिला हे बोलून कोण दाखवणार?

आणि ती लपवत होती त्याला कारणही होतं. सत्यजीत कधीपासून मागं लागला होता, "आई, दुकान बंद कर, सणसवाडीला चल." मोबाइलवाले गाळा मागत होते. सारजाबाईनं त्याला बजावलं होतं, "जवा मला जमंना, तवा सांगंन." आणि सत्यजीत म्हणाला होता, "ठीक हाय, या दिवाळीपर्यंत बघू." डोळ्यांचं कळलं की शटर कायमचं खाली, हे तिला पक्कं ठाऊक होतं. डॉक्टरकडे जायचं म्हटलं तरी तेच. दवाखान्यात आडवी झाले की मागं गाळा देऊन टाकतील, असा तिचा हिशोब. त्या दुकानाबाहेर तिला दुसरं जगच नव्हतं हो, आणि सणसवाडीच्या भाड्याच्या खोलीत बसून ती कुणावर संशय घेणार होती?

तर अशा बाईच्या पायांना एक दिवस कळलं, की पायरीवर खडे लागत नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. आमच्याकडे पायाखालची माती नेऊन करणी करतात असं जुनी माणसं मानतात. उंबऱ्यावरची माती म्हणजे तर दुकानाची लक्ष्मीच. रात्रीतून कुणी ती गोळा करून नेतंय म्हटल्यावर सारजाबाईचं जेवण गेलं. "गिऱ्हाईक का कमी झालं, आत्ता कळलं मला," ती म्हणाली. गिऱ्हाईक बुक्क्यामुळं कमी झालं होतं, पण ते मी कोणत्या तोंडानं सांगू?

तिचा पहिला संशय समितीवर. या वर्षी पेठेत सुशोभीकरण समिती निघाली होती. बापूसाहेब अध्यक्ष. निमोण्याला त्यांची शेती, पेठेत खताचं दुकान, आणि जिथं फीत असेल तिथं कात्री यांच्या हातात. सगळ्या शटरांना एकच निळा रंग, सगळ्या दुकानांवर एकाच मापाचे पांढरे आकाशकंदील, पेठेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दिव्यांच्या माळा, आणि 'आपली पेठ, स्वच्छ पेठ' हा फलक नेमका तुंबलेल्या गटारावर. समितीनं एक नियमही काढला होता. दुकानांच्या ओट्यांवर बसणाऱ्यांबद्दल दुकानदाराची तक्रार आली, तर तो ओटा रिकामा करायचा. बापूसाहेबांच्या पुतण्याला मोबाइलची कव्हरं विकायला जागा हवी होती. नियमाचा आणि पुतण्याचा काही संबंध नसेलही. मी आपलं सांगून ठेवते.

सारजाबाईचा दुसरा संशय मात्र जाऊन बसला तो नूरबीवर, आणि तिथून हलेना.

नूरबी सारजाबाईच्या ओट्यावर बांगड्या विकते. तिची सासू तिथंच बसायची, मग ती बसू लागली. पेठेतल्या लेकी-सुनांचे हात तिनंच भरलेत. माझ्या लग्नाचा चुडा तिनं भरला, आणि बोलता बोलता असा भरला की एकही बांगडी वाढवली नाही. सारजाबाई तिच्याशी दिवसभर भांडायची आणि तिसऱ्या प्रहरी अर्धा चहा तिच्यापुढे सरकवायची. तो चहा आता बंद झाला होता.

"सगळ्यांच्या आधी कोण येतं पेठंत? नूरबी. वटा कुणाला पायजे? नूरबीला. आन् तिच्या केरसुणीला हिरवं फडकं बांधलंय म्हणं, ते बघितलंस का? काय मंतरून बांधलंय?"

"मावशी, ते फडकं माझ्या चिंध्यांतलं हाय. मीच दिलंय. सगळ्यांच्या केरसुण्या सारख्या दिसत्यात, कुणीबी उचलून नेतं, म्हणून तिनं मुठीला बांधलंय."

"तू दिलंस व्हय?" ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून माझ्यावरचाही संशय जरा वाढला.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या संध्याकाळी तिनं सापळा लावला. कुंकवाचा डबा काढला, वास घेऊन खात्री केली, आणि एरवी चिमटीनं तोलणाऱ्या या बाईनं उंबऱ्याच्या फटीत आणि पायरीच्या कोपऱ्यात मूठभर कुंकू पेरलं. "ज्याची केरसुणी लाल, त्यो चोर," ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली.

मला हसू आवरेना. "मावशी, उद्या लक्ष्मीपूजन. अख्ख्या पेठेच्या केरसुण्यांना हळदीकुंकू लागंल. कुणाकुणाला धरशील?"

ती क्षणभर थांबली. मला वाटलं, फसली. पण ती हसली, आणि ते हसणं मला मुळीच आवडलं नाही. "हितं एकच केरसुणी पुजत न्हाईत," ती म्हणाली. "तेवढी बघितली की झालं."

दुसऱ्या दिवशी मी उजाडतानाच दुकान उघडायला आले. एक कारण ब्लाउजं, आणि दुसरं मी काही साधूसंत नाही. नूरबी वाकून सारजाबाईची पायरी झाडत होती. केरसुणीचं टोक लालभडक.

"नूरबीभाभी! तूच व्हय?"

तिनं ओठांवर बोट ठेवलं. "हळू. आक्का उठंल." मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "तिला केर दिसंना गं. कोपऱ्यात कुत्री घाण करून जात्यात, ती त्यातच पणत्या मांडती. गिऱ्हाईक पायरीवरनं माघारी फिरतं. समितीची माणसं फिरायलीत, त्यांनी बघितलं तर पयला फोन सत्यजीतला जाईल."

"मग सांग की तिला, मी झाडते म्हणून."

"का झाडतेस म्हणली, तर काय सांगू? तुला दिसत न्हाई, म्हणून सांगू?"

मी तिला कुंकवाचं सांगितलं, केरसुणी लपव म्हटलं. ती हसायला लागली. "लपवू कशाला? मी काय चोरी केली?" आणि रोजच्यासारखी केरसुणी शटरच्या कडेला, सारजाबाईच्या दाराच्या कोपऱ्यात उभी करून ती बांगड्यांचे ट्रे मांडायला बसली.

सकाळी सत्यजीत आला. पोरगा वाईट नाही. आल्या आल्या त्यानं शर्टाच्या बाह्या मागं सारल्या आणि दुकान आवरायला घेतलं. डबे उंचीप्रमाणे लावले, कोपऱ्यातली पोती हलवली, पूजेसाठी दाराच्या कोपऱ्यात काढून ठेवलेली नवी केरसुणी प्लॅस्टिकच्या पिशवीसकट वरच्या खिळ्याला अडकवली. "हात लावू नगं, म्हणते ना!" सारजाबाई ओरडत होती. "आई, किती पसारा!" तो म्हणत होता. त्याच्या आवरण्यानं तिचे उरलेसुरले डोळेही गेले, हे त्या भल्या माणसाला कुठून कळावं?

संध्याकाळी माळा पेटल्या. पेठेत फटाक्यांचा धूर आणि लाह्या-बत्ताशांचा वास. समिती दुकानादुकानात प्रसाद घेत फिरत होती आणि प्रत्येक दर्शनी भागाकडे मान हलवून पुढं सरकत होती. मी हळदीकुंकवाला सारजाबाईकडे पोचले, तेव्हा पूजा नुकतीच झाली होती. बापूसाहेब शेजारच्या दुकानात आले म्हणून तिनं सगळं घाईघाईनं उरकलं होतं. पाटावर लक्ष्मीची तसबीर, पणती, लाह्या, आणि आडवी ठेवलेली केरसुणी. तिच्यावर हळदीकुंकवाची बोटं, वर झेंडूचं फूल खोचलेलं.

बापूसाहेबांनी प्रसादाला हात पुढं केला. सारजाबाईनं प्रसाद दिलाच नाही.

"थांबा बापूसाहेब. समितीम्होरं एक निवाडा करायचाय. माझ्या उंबऱ्याची माती कुणीतरी रोज झाडून नेतंय. काल मी फटीत कुंकू पेरलं, सकाळी उंबरा साफ. ज्याची केरसुणी लाल, त्यो चोर." मग तिनं आवाज चढवला. "नूरबे! आण तुझी केरसुणी. तू तर पुजत न्हाईस ना? मग तिला कुंकू कसं लागलं, ते सांग सगळ्यांना."

नूरबी बांगड्यांवर कापड टाकत होती. ती उठली, शटरच्या कडेला गेली. कोपरा रिकामा. तिनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि मग तिची नजर आत पाटावर गेली. माझीही गेली. झेंडूच्या फुलामागं, केरसुणीच्या मुठीला, हिरवं फडकं.

वर खिळ्याला सारजाबाईची स्वतःची केरसुणी पिशवीत लटकत होती. माळांच्या उजेडात ती पिशवी चकाकत होती. दुकानात उभ्या असलेल्या कुणालाही ती दिसली असती, एका सारजाबाईला सोडून. सत्यजीत पाटाशेजारीच उभा होता. एक बोट दाखवायचा अवकाश, की आईला किती दिसतं ते त्याला कळलं असतं.

मी तोंड उघडलं. नूरबीनं माझ्याकडे असं बघितलं की ते तसंच मिटलं.

"न्हाई माझी केरसुणी," ती म्हणाली. "टाकून दिली मी."

"ऐकलंत? टाकून दिली!" सारजाबाईनं टाळी वाजवली. "पुरावा टाकून दिला!"

"झाडत व्हतीस का तू?" बापूसाहेबांनी विचारलं.

"व्हय. मीच झाडत व्हते."

"कशापायी?"

नूरबी गप्प. त्या गप्प बसण्यानं जो तो आपापला अर्थ काढून मोकळा झाला. जे लोक वर्षानुवर्षं तिच्या हातून बांगड्या भरून घेत होते, तेच एकमेकांच्या कानाशी लागले. कुणीतरी "ह्यांचं काय सांगता येतंय" असंही म्हणालं. मला असा संताप आला की हातातलं हळदीकुंकवाचं ताट त्याच्या डोक्यात घालावं. बापूसाहेब घसा खाकरून म्हणाले, "दुकानदाराची तक्रार हाय, नियम म्हंजी नियम. उद्यापास्नं वटा मोकळा करा." नूरबीनं मान हलवली आणि ट्रे एकावर एक ठेवायला लागली. सासूपासूनची जागा तिनं सोडली, पण तोंड उघडलं नाही. सारजाबाई सगळ्यांना प्रसाद वाटत होती. इतक्या दिवसांनी तिनं पोटभर जेवण केलं, असं सत्यजीत मला नंतर म्हणाला.

पाडव्याच्या सकाळी मी मुद्दाम लवकर आले. ओटा उघडा पडला होता. पेठभर फटाक्यांचे कागद, चुरगळलेले झेंडू, पत्रावळी. सारजाबाईनं शटर वर केलं आणि पाय बाहेर टाकला. कागद कुरकुरले, खडे लागले. मातीवर कुणाचा हात पडला नव्हता. तिचा चेहरा खुलला.

"बघितलंस नीलम? धरली, आन् थांबलं!"

मग ती आत वळली आणि पाटावरची केरसुणी घेऊन आली. पुजलेली लक्ष्मी, नव्या वर्षाचा पहिला केर तिनंच काढायचा. तिनं मूठ धरली, वाकली, आणि तशीच थांबली.

तिची बोटं मुठीवर फिरली. गाठ चाचपली. फडक्याचं टोक दोन बोटांत चोळलं. मग हात केरसुणीच्या टोकाकडे गेला. नवी कोरी नव्हती ती, वापरून एका अंगाला झिजलेली होती. ती आत गेली. भिंतीवर हात फिरवत फिरवत खिळ्यापर्यंत पोचली. पिशवी वाजली.

ती बाहेर येऊन त्या कचऱ्यातच पायरीवर बसली. मी जवळ गेले तर म्हणाली, "काल सगळ्यांनी बघितलं का गं?"

"मी बघितलं. आन् नूरबीभाभीनं."

"तिनं बघितलं," सारजाबाई म्हणाली. "आन् टाकून दिली म्हणली."

मला वाटलं, ती रडेल. पण रडणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिनं हाक मारली, "सत्यजीत! भाईर ये. आन् बापूसाहेबांना बोलीव. खताच्या दुकानात आसतील." मला म्हणाली, "तू नूरबीला घिऊन ये. येत न्हाई म्हणली तर वढत आण."

मी मशिदीमागच्या गल्लीत धावत गेले आणि नूरबीला ओढतच आणली. आम्ही पोचलो तेव्हा पायरीपुढं निम्मी पेठ जमली होती. सारजाबाई केरसुणी मांडीवर घेऊन बसली होती.

"काल मी पुजली ती नूरबीची केरसुणी," तिनं सांगितलं. "माझी आत खिळ्याला हाय. मला दिसली न्हाई. मला कायबी दिसत न्हाई. आखाडापास्नं न्हाई दिसत. उंबऱ्यावरचा केर दिसत न्हाई, म्हणून ही झाडत व्हती. आन् मी तिला चोर केली. बापूसाहेब, तक्रार खोटी हाय. वटा तिचा हाय."

बापूसाहेब काहीतरी नियमाचं बोलायला गेले, पण त्यांचं त्यांनाच ते जमेना. सत्यजीतचा चेहरा उतरला होता. "आई, काल दिवसभर तू माझ्या तोंडाकडं बघून बोलत व्हतीस."

"आवाजाकडं बघत व्हते."

तो खाली बसला. तिनं आपल्या तोंडानं दुकान पणाला लावलं होतं, हे त्यालाही कळलं होतं आणि आम्हालाही.

"नूरबे," सारजाबाईनं हाक मारली. "केर कुठं टाकत व्हतीस?"

"घंटागाडीत. आन् कुठं?"

"सगळा?"

"सगळा, आक्का."

"काल का बोलली न्हाईस?"

"मला वटा गेला तर दुसरा मिळंल," नूरबी म्हणाली. "दुकान गेल्यावर तुम्ही काय केलं आसतं?"

सारजाबाईनं मांडीवरच्या केरसुणीची गाठ घट्ट केली. मग सत्यजीत म्हणाला, "आई, मोतीबिंदूचं ऑपरेशन करू. हल्ली साधं झालंय. तोवर दुकान बंद ठेवू."

"बंद न्हाई," ती म्हणाली. "ऑपरेशनला येते. पण शटर एक दिस बंद ऱ्हायलं, तरी मोबाइलवाली आत येत्याल. मला ठावं हाय."

तिनं कमरेची किल्ली सोडली आणि हात पुढं केला. पुढं आम्ही सगळेच उभे होतो. हात आधी माझ्या हाताला लागला. तिनं बोटं चाचपली आणि सोडून दिला. "ह्यो नीलमचा. सुयांनी खरबरीत झालाय." मग तिला दुसरा हात सापडला. तिनं मनगट धरलं, बांगड्या वर-खाली करून बघितल्या, पुन्हा एकदा बघितल्या.

"हां, तूच हाईस," ती म्हणाली, आणि मग किल्ली सोडली.